शून्य म्हणजे काहीच नाही का?

प्रश्न : वय ४६. मॅमोग्राफीच्या रिपोर्टवर 'बायरॅड्स ०' लिहिलंय आणि मला पुन्हा बोलावलंय. शून्य म्हणजे काही नाही ना?

बायरॅड्स म्हणजे मॅमोग्राफीच्या, अर्थात स्तनांच्या एक्स-रेच्या, निकालाला दिलेला क्रमांक. यातल्या शून्याने अनेकजणी फसतात. काही दिवस निर्धास्त होतात, मग फोन आला की हादरतात. हा शून्य 'दोष नाही' असं म्हणत नाही. 'निकाल अजून राखून ठेवलाय' एवढंच सांगतो. बरेचदा ऊती एकावर एक आल्याने एखादा भाग नीट उलगडत नाही, किंवा तुलनेला जुन्या फिल्म्स नसतात. आणखी एक-दोन एक्स-रे किंवा सोनोग्राफी झाली की खरा आकडा ठरतो. १ म्हणजे सगळं ठीक, २ म्हणजे निरुपद्रवी काहीतरी. ३ मध्ये कॅन्सरची शक्यता २ टक्क्यांपर्यंतच, म्हणून सहसा सहा महिन्यांनी पुन्हा पाहतात. ४ आणि ५ ला बायोप्सी (तुकडा काढून तपासणं) सुचवली जाते. परत बोलावलेल्या बहुतेकींना कॅन्सर नसतो. जाताना जुन्या फिल्म्स किंवा सीडी न्या. नुसता रिपोर्टचा कागद आम्हाला फारसा उपयोगी नाही.

प्रश्न : मॅमोग्राफीत दाबतात ते फार दुखतं. सोनोग्राफीवर भागणार नाही का?

नाही भागत. काही कॅन्सरची पहिली खूण म्हणजे मिठाच्या कणांएवढे कॅल्शियमचे ठिपके. ते मॅमोग्राफीत उठून दिसतात, सोनोग्राफीत सहज निसटतात. उलट दाट स्तनांत ग्रंथीही पांढऱ्या आणि गाठही पांढरी दिसते. तिथे सोनोग्राफीची जोड कामी येते. जोड म्हणून, बदली म्हणून नाही. दाब काही सेकंदांचाच असतो आणि त्यामुळे किरणंही कमी लागतात. पाळी येत असेल तर ती संपल्यानंतरच्या आठवड्यात तपासणी करा, दुखणं कमी होईल. त्या दिवशी काखेत डिओडरंट, पावडर नको. एकीचे 'संशयास्पद ठिपके' मी ओल्या रुमालाने पुसून घालवले आहेत!

प्रश्न : असेच कॅल्शियमचे ठिपके माझ्या स्तनात दिसले. हाडांसाठीच्या कॅल्शियमच्या गोळ्या बंद करू?

करू नका. त्या ठिपक्यांचा गोळ्यांशी संबंध नाही. फक्त डेक्साच्या, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीच्या, आदल्या दिवसापासून गोळी घेऊ नका. पोटात न विरघळलेली गोळी मणक्याच्या चित्रावर येऊ शकते.

प्रश्न : वय ६८. डेक्सात मणक्याचा टी-स्कोअर उणे १.२ आणि खुब्याचा उणे २.७ आलाय. खरा कोणता?

टी-स्कोअर म्हणजे तरुण, निरोगी हाडांच्या तुलनेत तुमच्या हाडांची घनता. रोगाचं निदान कमी आकड्यावरून करतात. उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होणं), तेव्हा तुमचा खुबा बोलतोय तेच धरायचं. मणक्याचा आकडा या वयात बरेचदा उगाच चांगला येतो: झिजेमुळे वाढलेली हाडं, महाधमनीच्या भिंतीतलं कॅल्शियम, सगळं मशीन हाड म्हणूनच मोजतं. दबलेला मणकाही दाट दिसतो, आणि मणका दबताना दुखेलच असं नाही. तरुणपणापेक्षा उंची तीन-चार सेंटीमीटरने घटली असेल, तर डॉक्टरांना सांगून मणक्याचा बाजूने एक्स-रे काढून घ्या.