"मॅडम, ते ताकदीचं इंजेक्शन मारून घेऊ का?"

सांगली-मिरज भागात डायलिसिसच्या पेशंटचं समुपदेशन करते मी, आणि एक प्रश्न पुरुष पेशंट कधीच सरळ विचारत नाहीत. आधी पाणी किती प्यायचं यावर बोलणार, मग फॉस्फरसच्या गोळीवर, मग उठून दारापर्यंत जाणार आणि तिथून मागं वळून, "आमच्या एका मित्राचं विचारायचं होतं." ह्या मित्राला मी आता चांगलीच ओळखते. त्याची किडनी गेलेली असते, अंगात त्राण नसतं, बायकोजवळ जावंसं वाटत नाही नायतर वाटलं तरी जमत नाही, आणि कुणीतरी त्याच्या कानावर टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, घातलेलं असतं. घेतलं तर उरलीसुरली किडनी जाईल का, हार्टचं काय, एवढंच त्याला पायजे असतं.

आपण त्यांना अण्णा म्हणू, ओळख पटेल असं बाकीचं बदललंय. वय ५१, तासगावकडं द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड, शुगर १४ वर्षं, डायलिसिसला दोन वर्षं, सोमवार-बुधवार-शुक्रवार चार-चार तास मशीनवर. स्वतःच्या शेडवर बेदाण्याचे बॉक्स भरायचे पण पोटॅशियममुळं त्यातला एक तोंडात टाकायचा नाही, यावर ते स्वतःच हसायचे. त्या दिवशी हसले नाहीत. खिशातनं रुमाल काढला, रुमालात काचेची कुपी, तेलकट पिवळसर औषध, २५० मिलिग्रॅम, पुतण्यानं जिममधनं आणून दिलेली. सोबत रिपोर्ट, टेस्टोस्टेरॉन १९०. "मॅडम, ह्यात लिवलंयच की कमी हाय म्हणून. मारून घिऊ का एक?"

इथं माझं चुकलेलं सांगते. महिन्याभरापूर्वी हेच अण्णा "लई गळाल्यासारखं हुतंय" म्हणाले होते आणि मी "टेन्शन घेऊ नका, डायलिसिसला होतं असं" म्हणून विषय मिटवला होता. आमच्या धंद्यात हा रोगच आहे, समोरच्याचं सगळं मनातच दिसतं. मी तेव्हाच नीट विचारलं असतं तर ती कुपी रुमालात आलीच नसती बहुतेक.

कारण किडनीच्या पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉन खरंच कमी होतं, डायलिसिसवर असलेल्यांत तर साधारण निम्म्या लोकांत. शरीरात साठलेल्या विषारी गोष्टींचा मेंदूतल्या ग्रंथीवर आणि अंडकोशावर दोन्हीकडं परिणाम होतो, वर प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन किडनीवाटे निघून जायचं ते साठून राहतं आणि टेस्टोस्टेरॉनला दाबतं. शुगर असली की अजून खाली. म्हणजे अण्णा उगाच म्हणत नव्हते.

पण १९० वर मी कुपी फोडू देणार नव्हते. रक्त दिलं होतं सोमवारी, डायलिसिस झाल्यावर, संध्याकाळी चारला. हे हार्मोन सकाळी जास्त असतं आणि दुपारनंतर उतरतं, म्हणून ते सकाळी सात ते दहाच्या आत, उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी बघायचं असतं. किडनीच्या डॉक्टरांनी हार्मोनच्या डॉक्टरांकडं पाठवलं, मंगळवारी आणि पुढच्या गुरुवारी सकाळी परत तपासलं. २३२ आणि २४१. बरेच डॉक्टर ३०० च्या खाली कमी धरतात, ते पण तक्रारी असतील तर, म्हणजे कमीच होतं. प्रोलॅक्टिन मात्र वाढलेलं निघालं आणि डॉक्टर म्हणाले गोळ्यांची पिशवी आणा. पिशवीत ॲसिडिटीची कॅप्सूल निघाली, डोमपेरिडोनवाली, कुणीतरी कधीतरी लिहून दिलेली आणि अण्णा दीड वर्ष रोज सकाळी चहाआधी घेतायत! डोमपेरिडोननं प्रोलॅक्टिन वाढतं. ती बंद केली. महिन्यानं प्रोलॅक्टिन बरंच उतरलं, टेस्टोस्टेरॉन थोडं वर सरकलं पण ३०० काय गाठलं नाही.

मग औषधाचा विषय निघाला. अण्णांना वाटत होतं डॉक्टर सरळ नाहीच म्हणतील. तसं नाही, किडनीच्या पेशंटला टेस्टोस्टेरॉन देतात, पण त्याच्या मागं चौकीदार ठेवून देतात. ह्या औषधानं रक्त दाट होतं. अण्णांना हिमोग्लोबिनसाठी एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन चालूच होतं, दोन्ही मिळून रक्त जास्त दाट झालं तर गुठळी व्हायची भीती आणि डाव्या हातातला फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी ऑपरेशन करून जोडलेली शीर, बंद पडला तर मशीनला सुई घालायची कुठं? म्हणून हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात लाल पेशी किती टक्के आहेत ते, बघत राहायचं, ५४ च्या वर गेलं की औषध थांबवायचं. प्रोस्टेटची पीएसए टेस्ट आधी. पायाला सूज किती, दोन डायलिसिसमध्ये वजन किती वाढतं, हे पण विचारलं कारण अंगात पाणी धरायची सवय ह्या औषधाला आहे.

हार्टचं म्हणाल तर २०२३ मध्ये पाच हजारांवर पुरुषांची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, ४५ ते ८० वयाचे, हार्टचा आजार किंवा त्याचा धोका असलेले. टेस्टोस्टेरॉनचं जेल लावणाऱ्यांत हार्ट अटॅक-स्ट्रोक जास्त दिसले नाहीत, पण ठोक्यांची अनियमितता, फुप्फुसातली गुठळी आणि किडनीला अचानक इजा हे तिन्ही थोडं जास्त दिसलं. म्हणून ज्यांची किडनी अजून अर्धीमुर्धी चालतेय, डायलिसिसला लागलेले नाहीत, त्यांनी तर पुतण्याच्या कुपीपासून लांबच राहावं. आणि पोरं व्हायची असतील त्यांनी आधी डॉक्टरला तसं सांगावं, कारण बाहेरनं टेस्टोस्टेरॉन घेतलं की शुक्राणू कमी होतात. इस्लामपूरकडचा एक २९ वर्षांचा मुलगा लग्न ठरलं म्हणून हेच घ्यायला निघाला होता, त्याला वेळेत अडवलं.

अण्णांना जेल दिलं. घरात दीड वर्षाची नात, सारखी आजोबांच्या अंगावर, तिला ते औषध लागू नये म्हणून जेल लावून हात धुवायचे, वाळल्यावर बाही असलेला शर्ट घालायचा आणि तिला उघड्या खांद्याला चिकटू द्यायचं नाही, हे मी त्यांना तीनदा म्हणून दाखवायला लावलं.

तीन महिन्यांनी अण्णा बागेच्या टोकापर्यंत न बसता जायला लागले, जेवणही बरं जातं. अंथरुणातलं म्हणाल तर थोडाच फरक, कारण १४ वर्षांच्या शुगरनं नसा आणि रक्तवाहिन्या खाल्लेल्या, ते जेलनं भरून येत नाही. मग ताठरतेसाठी सिल्डेनाफिलची गोळी मागितली. छातीत दुखलं की जिभेखाली सॉर्बिट्रेट धरायचे हे मात्र हार्मोनच्या डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं! दोन्ही एकत्र आली तर बीपी एकदम कोसळतं, जिवावर बेततं. ती गोळी नाकारली, आता आधी हार्टवाल्यांकडं जायचंय.

वहिनींना मी नंतर बोलावलं, अण्णांना विचारून. त्या काय म्हणाल्या माहितीय? "दीड वरीस झालं हे सोप्यात झोपत्यात, हात दुखतोय म्हणून. मला वाटलं माझाच कंटाळा आला." अण्णा खाली बघत बसले. त्यांना वाटत होतं बायकोला सगळं कळलंय आणि ती मनात हसतेय. रिपोर्टचा कागद मी वहिनींपुढं ठेवला, २३२, २४१, बोटानं दाखवून सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग हे आधी सांगायला काय झालं हुतं तुमास्नी?" आणि तिथंच अण्णांचा डावा हात ओढून फिस्टुलावर बोटं ठेवली, मशीनची ताई शिकवते तसं थ्रिल, म्हणजे आतली थरथर, बघायला.

"हाय, चालू हाय," म्हणाल्या.

कुपी अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, पुतण्या काय न्यायला आला नाही.