१४ सेकंदांचे घड्याळ

संग्रहातील सर्वांत आवडते लिमिटेड एडिशन घड्याळ कोणते, आणि मोजकेच नग निघाले म्हणून त्याची गोडी खरोखर वाढते का, असे आपण विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे: ओमेगा या स्विस कंपनीने २०१५ साली काढलेले स्पीडमास्टर ‘सिल्व्हर स्नूपी अवॉर्ड’. दुसऱ्याकडे यायला मला थोडा वळसा घ्यावा लागेल.

एप्रिल १९७० मध्ये चंद्राकडे निघालेल्या अपोलो १३ यानातील ऑक्सिजनची टाकी पृथ्वीपासून सव्वातीन लाख किलोमीटरांच्या आसपास असताना फुटली. वीज वाचवण्यासाठी यानातील बहुतेक यंत्रणा बंद ठेवाव्या लागल्या, त्यात दिशादर्शक संगणकही होता. परतीच्या वाटेवर मार्ग किंचित ढळल्याचे दिसले, तेव्हा यानाला जोडलेल्या, चंद्रावर उतरण्यासाठीच्या छोट्या यानाचे इंजिन बरोबर १४ सेकंद चालवायचे ठरले. अंतराळवीर लॉव्हेल आणि हेझ यान सांभाळत होते आणि त्यांचे सहकारी स्विगर्ट यांनी हातावरच्या स्पीडमास्टरवर ते १४ सेकंद मोजले. १७ एप्रिलला तिघेही सुखरूप समुद्रात उतरले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ओमेगाला सिल्व्हर स्नूपी पुरस्कार मिळाला. उड्डाणाच्या सुरक्षिततेसाठी झटलेल्यांना अंतराळवीर स्वतःच्या पसंतीने हा मान देतात, आणि त्याचे चिन्ह म्हणजे स्नूपी या व्यंगचित्रातील कुत्र्याची चांदीची छोटी पिन.

माझे घड्याळ या प्रसंगाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी निघाले. तबकडी पांढरी आहे, आणि शून्यापासून चौदाव्या सेकंदापर्यंतच्या पट्टीवर बारीक इंग्रजी अक्षरांत ‘१४ सेकंदांत तुम्ही काय करू शकाल?’ असा प्रश्न छापला आहे. नऊच्या बाजूच्या छोट्या तबकडीत स्नूपी उताणा झोपला आहे आणि ‘अपयश हा पर्यायच नाही’ असा विचार त्याच्या डोक्यात चालू आहे. अंधारात हा स्नूपी चमकतो. पाठीच्या झाकणावर निळ्या मिन्यात बसवलेला चांदीचा स्नूपी आहे आणि भोवतीचे तारे म्हणजे हाताने शिंपडलेली चांदीची भुकटी. हुपरीच्या एका चांदीकाम करणाऱ्या कारागिराला मी ते दाखवले, तेव्हा त्याने ते तिरपे धरून बराच वेळ पाहिले आणि भुकटी मिन्यात बुडू न देता वर कशी राखली असेल, एवढेच विचारले. मला ते सांगता आले नाही. एवढ्या किमतीच्या घड्याळावर कुत्र्याचे चित्र कशाला, हा आमच्या आईचा प्रश्न मात्र आजही अनुत्तरित आहे.

आता खरे कारण सांगतो. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमची बिडाच्या ओतकामाची छोटी फाउंड्री आहे, आणि आमच्या धंद्यात सेकंदांना फार किंमत असते. वितळलेल्या बिडाचा चौदाशे अंशांच्या आसपासचा रस साच्यात सावकाश पडला, तर दोन बाजूंनी आलेले प्रवाह एकजीव होत नाहीत आणि सांधा राहतो. घाईने पडला, तर साच्याची वाळू धुऊन निघते आणि ती कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या भागात, अडकते. आमच्या एका साच्याला भरायला बारा ते पंधरा सेकंद लागतात. घड्याळ घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात मी साच्यापाशी उभा राहून दोनच्या बाजूचे बटण दाबले, आणि रस काठाशी येताच पुन्हा दाबले. काटा चौदाच्या जरासा अलीकडे थांबला होता. तबकडीवरच्या प्रश्नाचा अर्थ मी आमच्या जुन्या ओतकाम करणाऱ्या मामांना सांगितला, तर ते म्हणाले, “चौदा सेकंदात व्हय? लॅडल टायमाला आली तर एक मोल्ड भरून दुसऱ्यावर जाईन की!” (लॅडल म्हणजे रस ओतण्याचे भांडे.)

ती हौस मला महागात पडली. चुंबकीय क्षेत्राने धातू वितळवणाऱ्या इंडक्शन भट्टीजवळ वावरल्याने घड्याळात चुंबकत्व शिरले आणि ते दिवसाला काही मिनिटे पुढे जाऊ लागले. आतील १८६१ क्रमांकाचे यंत्र चुंबकाला दाद न देणाऱ्यांपैकी नाही. ठोक्यांची लय राखणाऱ्या हेअरस्प्रिंग या बारीक स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटली की तिची चालती लांबी कमी होते आणि ठोके जलद पडतात. महाद्वार रोडजवळच्या एका वयस्कर घड्याळजींनी घड्याळाजवळ होकायंत्र धरले, सुई हलताना मला दाखवली, आणि मशीनवर ठेवून दोन मिनिटांत ते चुंबकत्व काढून दिले. तेव्हापासून भट्टीवर जाताना साधे प्लास्टिकचे डिजिटल घड्याळ असते आणि स्नूपी ऑफिसच्या खणात राहतो.

रोज सकाळी चहाआधी त्याला चावी देतो. पूर्ण चावीवर ते ४८ तास चालते, पण रोज ठरावीक वेळी दिलेली बरी. सेकंदाला सहा ठोके, म्हणजे त्या चौदा सेकंदांत चौऱ्याऐंशी. झाकण बंद असल्याने यंत्र दिसत नाही, आणि माझ्यासारख्या यंत्रवेड्याला ही एक उणीव वाटते.

आता मोजक्या संख्येविषयी. हे घड्याळ फक्त १९७० नग निघाले, कारण अपोलो १३ चे साल तेच होते. याच पुरस्काराच्या २००३ च्या आवृत्तीचे नग ५४४१ होते, कारण अपोलो १३ ची मोहीम १४२ तास ५४ मिनिटे ४१ सेकंद चालली. अशा आकड्याला अर्थ असतो. नुसताच शंभर किंवा पाचशेचा आकडा ठरवून, पट्ट्याचा रंग बदलून काढलेल्या आवृत्त्या मीही उमेदीत दोन घेतल्या होत्या. त्यातली एक विकली आणि दुसरी भाच्याला दिली. पन्नासाव्या वर्षी, म्हणजे २०२० मध्ये आलेल्या स्नूपीला संख्येची मर्यादा नाही, पण त्याच्या पाठीवर छोटे यान चंद्राला वळसा घालते, आणि ते मला यापेक्षाही लोभस वाटते. माझ्या घड्याळाच्या झाकणावर कोरलेला क्रमांक मात्र मला पाठ नाही. विमा उतरवताना फॉर्मवर लिहिण्यासाठी तो शेवटचा पाहिला होता.