चारशे रुपये, दोन मुलं आणि पुस्तकाच्या दुकानातला एक तास

यंदा पत्रं बरीच आलीत आणि गंमत म्हणजे निम्मी पुस्तकांच्या किमतीवरच आहेत. सगळी घेता येणार नाहीत. फोंड्याच्या बाईंचं पत्र मला आवडलं म्हणून त्यालाच जास्त जागा दिलीय, बाकीच्यांनी रागावू नये.

प्रश्न : ताई, माझी मुलगी तिसरीत आहे आणि मुलगा चार वर्षांचा. घरचं सगळं भागवून पुस्तकांसाठी महिन्याला चारशे रुपये निघतात, गणेश चवथीच्या महिन्यात तेही नाहीत. मागच्या रविवारी मुलांचं नवीन काय आलंय बघायला पणजीला एका दुकानात गेलो. मुलीने उभ्या उभ्या दोन पुस्तकं वाचून संपवली, मुलाने तर खाली फतकलच मारली, आणि काउंटरवरचा माणूस तोंडाने काही बोलला नाही पण तीनदा येऊन आमच्या बाजूचा रॅक नीट लावून गेला. मला इतकी लाज वाटली की घाईत ४५० रुपयांचं एक चकचकीत इंग्रजी पुस्तक घेऊन बाहेर पडले. त्यात बटण दाबलं की गाय हंबरते. दोन दिवसांत गाय बंद पडली. आता नवरा म्हणतो, पुस्तकं परवडत नसतील तर दुकानात जायचंच कशाला? तुम्हीच सांगा. — एक आई, फोंडा

उत्तर : गाय गेली ते बरंच झालं म्हणते मी, नाहीतर पावसाळाभर घरात हंबरत बसली असती.

तुम्ही दुकानात जायचंच. पण लाजेने खरेदी करायची नाही, कारण ते ४५० म्हणजे पुस्तकाचे पैसे नव्हतेच, तो रॅक नीट करणाऱ्या माणसाला दिलेला दंड होता. आणि खरं सांगू, तो माणूस कदाचित तुम्हाला हाकलतही नसेल, रविवारी गर्दी असते, मुलांच्या हाताला खाऊचं तेल असतं, त्यालाही मालकाला उत्तर द्यावं लागतं. रविवारी जाऊच नका. आठवड्यातल्या एखाद्या सुट्टीच्या दिवशी सकाळी दहाला जा, नाहीतर दुपारची झोप आटपून दुकान उघडतं त्या चारच्या सुमाराला, आणि आत शिरल्या शिरल्या सरळ सांगून टाका की आज दीडशेपर्यंतचं एकच घेणार आहे पण दोघांना निवडू दे, थोडा वेळ लागेल. हे बोलायला मला स्वतःला चाळिशी उजाडावी लागली. पण बोलले तेव्हा दुकानदाराने काय केलं माहितीय, काउंटरखालून एक खोका काढला आणि म्हणाला बाई हे बघा, हे कोणी विचारतच नाही.

त्या खोक्यात काय होतं ते नीट सांगते, कारण तुमच्या चारशे रुपयांचं उत्तर तिथेच आहे. १६ नाहीतर २४ पानांची, मधोमध दोन पिना मारलेली पातळ चित्रपुस्तकं. अशा पुस्तकाला पाठ नसते. म्हणजे जाड पुस्तक रॅकमध्ये उभं केलं की कण्यावर नाव दिसतं, याला नाव छापायला जागाच नाही, त्यामुळे रॅकमध्ये ठेवलं की ते दोन जाड्यांच्या मध्ये नाहीसं होतं. मग ती तळाच्या फळीवर आडवी पडतात, गोल फिरणाऱ्या स्टँडवर जातात नाहीतर खोक्यात. डोळ्यांच्या उंचीवर राहतं ते महाग, जाड पुठ्ठ्याचं, बटणवालं. म्हणून दुकानात गेलं की आधी खाली बसायचं. तुमच्या मुलाने फतकल मारली ना, तो बरोबर जागी बसला होता.

नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची पुस्तकं, प्रथम बुक्सची, ही बरीचशी शंभराच्या आत मिळतात. स्वस्त म्हणजे काहीतरी कमअस्सल असणार असं वाटतं आपल्याला, तसं नाहीये. रंगीत चित्र चार शाईंनी छापतात, निळसर, गुलाबीसर, पिवळी आणि काळी, आणि प्रत्येकीची प्लेट वेगळी. मजकूर काळ्या शाईत ठेवला की तेच चित्र मराठीत, हिंदीत, कन्नडमध्ये छापताना फक्त काळी प्लेट बदलायची, बाकी तीन तशाच चालतात. चित्रकाराचे पैसे, प्लेटांचा खर्च सगळ्या भाषांत वाटला जातो. म्हणून किंमत उतरते. एकट्या मराठीत हजार दोन हजार प्रती काढणाऱ्या प्रकाशकाला हे जमत नाही, त्याचं पुस्तक दीडशे दोनशेला असलं तर तो लुटत नसतो बिचारा. आणि हो, छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, चित्रांच्या आणि रंगवायच्या पुस्तकांवरही नाही, तेव्हा एमआरपीवर कोणी टॅक्स म्हणून काही लावत असेल तर बिल मागा.

आता निवडायचं कसं. मुलाचं पुस्तक आधी मजकूर न वाचता चाळा, नुसती चित्रं. शब्दांत नसलेलं काहीतरी चित्रात चाललेलं असलं, म्हणजे गोष्ट आजीची आहे आणि कोपऱ्यात मांजर प्रत्येक पानावर काहीतरी उद्योग करतंय, तर ते पुस्तक पन्नास वेळा उघडलं जाणार. मजकुरात झाड आणि चित्रातही नुसतं झाड, तर दोनदा. मग मधलं एक पान हळू आवाजात वाचून बघा. अनुवादाची खोट डोळ्याला दिसत नाही, जिभेला लागते. ‘त्याने आपल्या हातांना धुतले’ असलं वाक्य आलं की मी पुस्तक जागेवर ठेवते, मग चित्र कितीही सुंदर असो. मुलांना हात धुवायचे असतात, हातांना नाही.

मुलीसाठी एक जुनी युक्ती आहे. कुठलंही एक पान तिला वाचायला द्या, न कळलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. पान संपायच्या आत मूठ बंद झाली तर पुस्तक सध्या जड आहे, एकही बोट मिटलं नाही तर ते दुकानातच वाचून होईल, तुमच्या दोन पुस्तकांचं झालं तसं. दोन तीन बोटं मिटली की ते घ्यायचं. आणि सुरुवातीच्या पानामागे छापलेलं असतं ना, पहिली आवृत्ती अमुक साल, पुनर्मुद्रण तमुक, ते बघत जा. दहा पंधरा वर्षं पुन्हा पुन्हा छापलं जातंय म्हणजे कुठल्यातरी पोरांनी ते फाटेपर्यंत वाचलंय, नव्या कोऱ्या कव्हरपेक्षा माझा त्या ओळीवर जास्त विश्वास. नवीन बघायला गेला होतात हे मान्य, पण चार वर्षांच्या मुलाला सगळीच पुस्तकं नवीन असतात.

आणि एक चिठ्ठी ठेवा पर्समध्ये. आवडलेल्या पण न घेतलेल्या पुस्तकाचं नाव, प्रकाशकाचं नाव, किंमत लिहायची. पानांचे फोटो काढू नका हं, ते मात्र वाईट, दुकानदाराचा पारा चढला तर मी त्याच्या बाजूने. ती चिठ्ठी घेऊन पणजीच्या कदंबा बसस्टँडवरून चालत पाटो भागात, कृष्णदास शामा सेंट्रल लायब्ररीत. १८३२ सालची आहे ती संस्था, पोर्तुगिजांच्या काळातली, आणि मुलांचा वेगळा विभाग आहे तिथे, पण आपल्याकडची कितीतरी माणसं त्या इमारतीसमोरून रोज बस पकडतात आणि आत गेलेली नसतात. सारखं पणजीला येणं जमत नसेल तर फोंड्यातही सरकारी वाचनालय आहे, दक्षिण गोव्यातल्या लोकांना नावेलीचं जिल्हा ग्रंथालय. चिठ्ठीतलं मिळालं तर आणा, वाचा, परत करा. परत करताना ज्या पुस्तकासाठी रडारड होते ते विकत घ्यायचं. माझ्या भाचीच्या बाबतीत अशी वर्षात चार पुस्तकं निघाली, चारच. त्यातल्या एकाच्या पिना दोनदा बदलल्या मी.

म्हणजे हिशेब असा बसतो की एखाद्या महिन्यात दोन पातळ पुस्तकं मुलाला, एक जरा जाड मुलीला, साडेतीनशेच्या आत काम होतं. एखाद्या महिन्यात काहीच नाही आणि ते पैसे पुढे ढकलायचे, असं केलं तर चवथीचा महिनाही टोचत नाही. नवऱ्याला सांगा, दुकानात जायचं ते बघायला. साडी घेताना चाळीस उघडून एक घेतो तेव्हा कोणी विचारत नाही.

प्रश्न : नातवाला वाढदिवसाला मराठी पुस्तकं द्यायची आहेत. तो इंग्रजी माध्यमात पाचवीत, घरी आम्ही कोंकणीच बोलतो, मराठी अक्षर लावून लावून वाचतो. एका सेलमध्ये वीस बोधकथांचा संच ६०० रुपयांत आहे. घ्यावा का? — आजोबा, पेडणे

उत्तर : आजोबा, नका घेऊ. वीसही पुस्तकांत कोल्हा लबाड आणि कासव शहाणं असणार आणि तिसऱ्या पुस्तकाला नातवाला शेवट आधीच कळणार. संचात आपण एका चांगल्या पुस्तकासाठी एकोणीस ओझी उचलतो. शिवाय मराठी अडखळतंय त्या मुलाला वीस पुस्तकांचा गठ्ठा म्हणजे वाढदिवसाच्या दिवशी दिलेला गृहपाठ.

त्याच पैशांत तीन चार वेगवेगळी घ्या. एक विनोदी, एक प्राण्याचं किंवा विज्ञानाचं भरपूर चित्रांचं, एक कोडी आणि हाताने काहीतरी करून बघायचं. पाचवीतला म्हणून पाचवीची भाषा हवी असं नाही, दुसरी तिसरीची चालेल, फक्त विषय बाळबोध नको, पाचवीतल्या पोराला ससुल्या बिसुल्या दिलं तर अपमान वाटतो. मग तुम्ही मराठीत वाचा आणि कोंकणीत सांगा, आपण सगळे तसेच शिकलो ना. पान उलटायच्या आधी थांबायचं. ‘मागीर कितें जालें?’ (मग काय झालं?) असं त्याने विचारलं की पुढचं वाक्य त्याला वाचायला द्यायचं, एकच.

प्रश्न : फुकट आणि कायदेशीर असं मराठीत मुलांसाठी काही मिळतं का? की सगळं चोरीचं पीडीएफच? — म्हापसा

उत्तर : मिळतं. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये स्टोरीवीव्हर ही वेबसाइट सुरू केली, तिच्यावर मराठी गोष्टी पातळीप्रमाणे लावलेल्या आहेत आणि परवाना खुला आहे, उतरवून घ्या, छापा, वर्गात वाटा, चोरी नाही. दुसरं म्हणजे बालभारतीचं ‘किशोर’ मासिक. १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक त्यांनीच फुकट खुले केलेत. तुम्ही स्वतः लहानपणी किशोर वाचत होता तर सांभाळून उघडा, मी एका रात्री एक अंक बघायला म्हणून बसले आणि साडेबाराला नवऱ्याने लाइट बंद केला. लहान मुलाला मात्र मोबाइल हातात देऊ नका, तुमच्या हातात धरा, नाहीतर गोष्ट दोन मिनिटं आणि यूट्यूब दोन तास.

प्रश्न : मागच्या पावसात मुलांच्या पुस्तकांवर बुरशी आली, काहींची पानं चिकटली. डांबराच्या गोळ्या ठेवू का? — मडगाव

उत्तर : मुलं पुस्तकाला तोंड लावतात, तेव्हा डांबराच्या गोळ्या अजिबात नको. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, पुस्तकं उभी आणि सैल ठेवा, आणि प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवायची जी आपल्याकडे पद्धत आहे ना ती सोडा, आत दमट हवा कोंडली की बुरशीला घरच मिळतं. पानं खाणाऱ्या कसरीसाठी कडुलिंबाचा वाळवलेला पाला चालतो, पूर्ण वाळलेला हवा.

आलेली बुरशी ओल्या फडक्याने पुसायची नाही. आधी पंख्याखाली सुकवा, मग बाहेर व्हरांड्यात नेऊन, नाकाला रुमाल बांधून, मऊ कोरड्या ब्रशने झटका. गुळगुळीत कागदाची पानं एकदा चिकटून वाळली की गेली, कारण त्या कागदावर पांढऱ्या मातीचा लेप असतो आणि तो ओला झाला की गोंदासारखा धरतो. म्हणून असं पुस्तक भिजलं की तिथल्या तिथे पानापानात साधा कोरा कागद घालायचा, वर्तमानपत्र नको, त्याची शाई उतरते. साध्या खरखरीत कागदाची ती शंभराच्या आतली पुस्तकं बहुतेक वेळा दोरीवर चिमटा लावून वाळतात. थोडी फुगतात, पण वाचता येतात.