पल्सचं शेपूट आधी कापा, किलोवॅटचं नंतर बघू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बेळगावच्या उद्यमबागेत बांधलेला ८० किलोवॅटचा एक्स-रे जनरेटर डीएसएला (औषध सोडण्याआधीचं चित्र वजा करून फक्त रक्तवाहिन्या दाखवणारी तपासणी) स्वच्छ चित्र देतो, पण सेकंदाला १५ पल्सच्या फ्लुरोस्कोपीत, म्हणजे चालत्या एक्स-रे चित्रात, गाइडवायर (रक्तवाहिनीत सरकवायची बारीक तार) फरफटल्यासारखी दिसते आणि त्वचेवरचा डोस जास्त येतो. तर १०० किलोवॅटला जावं का?

नका जाऊ. ताकद पुरेशी आहे, तुमची पल्स वेळेवर संपत नाही. बंद केल्यावरही किरण थोडा वेळ चालू राहतात, तेच पल्सचं शेपूट.

कागदावर मांडून बघा. टँकपासून ट्यूबपर्यंत जाणाऱ्या एचटी (उच्च दाबाच्या) केबलची धारिता (चार्ज साठवण्याची क्षमता) मीटरला साधारण २०० पिकोफॅरड. तुमची केबल २० मीटर, म्हणजे प्रत्येक बाजूला ४ नॅनोफॅरड. ७५ किलोव्होल्टला प्रत्येक बाजूवर ३७.५ किलोव्होल्ट, म्हणून साठलेला चार्ज १५० मायक्रोकूलंब. उच्च दाब तयार करणारा इन्व्हर्टर बंद झाला की हा चार्ज ट्यूबमधूनच जाणार. डीएसएला ५०० मिलिअँपिअर असतात, ०.३ मिलिसेकंदात संपतो. फ्लुरोला तुमचे २० मिलिअँपिअर, मग लागतात ७.५ मिलिसेकंद. ८ मिलिसेकंदांच्या पल्सला जवळजवळ तेवढंच शेपूट! शिवाय एचटी टँकमधले (ट्रान्सफॉर्मरची तेलाची टाकी) स्मूदिंग कपॅसिटर यात धरलेलेच नाहीत.

रक्तवाहिनीत सोडलेल्या औषधातल्या आयोडीनची के-एज, म्हणजे ज्या ऊर्जेच्या वर ते किरण एकदम जास्त शोषतं ती पातळी, ३३.२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला आहे, म्हणून रक्तवाहिन्यांसाठी ६५ ते ७५ किलोव्होल्ट सोयीचे पडतात. शेपटात व्होल्टेज ३३ किलोव्होल्टच्या खाली उतरलं की के-एज ओलांडणारा एकही फोटॉन उरत नाही. ते मऊ किरण पेशंटच्या कातडीतच जिरतात. मला सगळ्यात खटकतं ते हेच.

आधी मोजा. इन्व्हर्टरचा गेट सिग्नल (चालू-बंदचा इशारा) चौकोनी दिसला म्हणून समाधान मानू नका, ऑसिलोस्कोप एचटी डिव्हायडरवर (उच्च दाब मोजण्याजोगा कमी करून देणारा भाग) लावा. ७५ टक्क्यांच्या रेषेवर पल्सची लांबी घ्या आणि तिथून १० टक्क्यांवर यायला किती वेळ लागतो तेही टिपा.

खरा इलाज ग्रिड असलेली ट्यूब, म्हणजे कॅथोडसमोर (इलेक्ट्रॉन सोडणारं टोक) करंट अडवणारी जाळी असलेली. केबलवर व्होल्टेज तसंच राहतं, ग्रिडला कॅथोडच्या तुलनेत ऋण काही किलोव्होल्ट देऊन फक्त करंट तोडायचा. नेमका आकडा ट्यूबच्या डेटाशीटमधलाच घ्या. हा सप्लाय कॅथोडच्या पातळीवर तरंगता असतो, त्यामुळे ट्रिगर ऑप्टिकल फायबरनेच न्या. ग्रिडवरचं हे ऋण व्होल्टेज, म्हणजे बायस, गेला तर ट्यूब सलग चालू राहील. बायस पडताक्षणी इन्व्हर्टर थांबवणारा इंटरलॉक हार्डवेअरमध्येच हवा, सॉफ्टवेअरच्या भरवशावर सोडू नका.

ग्रिडची ट्यूब परवडत नसेल तर टँक जवळ आणा. ८ मीटर केबलला शेपूट ३ मिलिसेकंदांवर येतं. त्यात करंट ६० मिलिअँपिअर करून पल्स २.७ मिलिसेकंदांची केलीत तर एमएएस (करंट गुणिले वेळ) तेवढाच राहतो आणि शेपूट १ मिलिसेकंदावर येतं. वर ०.२ मिलिमीटर तांब्याचा फिल्टर लावा.

डीएसएत मास्क (औषधाआधीचं चित्र) घेतल्यावर केव्ही आणि एमए (व्होल्टेज आणि करंट) लॉक करा, नाहीतर वजाबाकीत हाडं परत उमटतात. ७५ किलोव्होल्ट, ८०० मिलिअँपिअर, ८ मिलिसेकंद म्हणजे ४८० ज्यूल. हेस्कॉमच्या (इथली वीज कंपनी) लाइनवर शेजारच्या फौंड्रीची भट्टी सुरू झाली की व्होल्टेज बसतंच, तेव्हा एवढी ऊर्जा इन्व्हर्टरला पुरवणाऱ्या डीसी बसमधून मिळायला हवी. तिथली २० मिलिफॅरडची कपॅसिटर बँक एकटीनं दिली तरी ५८७ व्होल्टवरून ५४५ च्या आसपास येते, तेवढं फीडबॅक लूप सांभाळतो. उघडण्याआधी बँक ब्लीडरनं (साठलेला चार्ज उतरवणारा रेझिस्टर) उतरू द्या, मीटरनं तपासा, मगच हात घाला.

टँक जुलै-ऑगस्टात भरणार असाल तर तेल व्हॅक्यूममध्ये गरम करून भरा. आपल्याकडच्या पावसात उघडा ड्रम रातोरात ओल धरतो. चाचणीत २.५ मिलिमीटर फटीत ५० किलोव्होल्टच्या आत फुटलं (ठिणगी पडली) तर ते तेल पुन्हा फिल्टरला लावा.