ती आमच्याजवळ येतच नाही

शेल्टरमधून कुत्रं आणलेल्या घरातली माणसं माझ्याकडे येतात, तेव्हा वाक्य जवळजवळ ठरलेलं असतं: "मॅडम, एवढं सगळं केलं, पण त्याला आमची माया लागतच नाही." कुणी हे चिडून सांगतं, कुणी डोळे पुसत. बहुतेकांना आधी संकोच वाटतो, की माणसांच्या समुपदेशकाकडे कुत्र्याचा विषय कसा काढायचा. खुशाल काढा. नवं जनावर घरी आल्यावर पहिल्या काही आठवड्यांत झोप उडणं, रडू येणं, 'आपलं चुकलं तर नाही ना' असं वाटणं हे कितीतरी घरांत होतं. बोलायला मात्र जागा नसते, कारण आजूबाजूचे म्हणतात, "कुत्रंच तर आहे!"

इंदूरच्या राजेंद्रनगरमधल्या एका कुटुंबाची गोष्ट सांगते. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत. नवरा-बायको दोघंही नोकरी करणारे, मुलगी नववीत, शिवाय आजी. मुलीच्या हट्टाने दोन वर्षांची देशी कुत्री आणली. कानाला खाच, म्हणजे नसबंदी झालेली. रंगावरून मुलीने नाव ठेवलं जीरावन, म्हणजे इथला पोह्यांवर भुरभुरायचा मसाला; घरात सगळ्यांची जिरू. इंदूरच्या पोह्यांवर जीरावन पडतंच, तेव्हा नाव शोभून दिसलं. आली त्या दिवसापासून जिरू सोफ्यामागे.

माझ्याकडे आली ती मुलीची आई.

"तुम्ही तिच्यासाठी काय काय करता?" मी विचारलं.

"काय नाही करत? गादी आणली, खेळणी आणली. चिकन-भात मी स्वतः शिजवते. ऑफिसातून आले की पर्ससुद्धा ठेवत नाही, आधी तिच्याकडे जाते. सोफ्यामागे हात घालून कुरवाळते."

"आणि ती?"

"आणखी मागे सरकते."

"रात्री कुठे झोपते?"

त्या जरा थांबल्या. मग आवाजात दुखावल्याची कड आली. "आईंच्या खोलीत, दाराशी. आणि आईंना कुत्री नकोच होती हो! त्या तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत."

पुढच्या वेळी मी सासूबाईंनाही बोलावलं. पंचाहत्तरीच्या, ताठ बसणाऱ्या बाई. म्हणाल्या, "मी काहीच करत नाही. सकाळी जप, दुपारी पेपर. ती येते, बसते, जाते." मग सुनेकडे बघून म्हणाल्या, "अगं, मी लग्न होऊन देवासहून इथे आले ना, तेव्हा आठ दिवस वाड्यातल्या बायका मला बघायला येत होत्या. सगळ्या कौतुकानेच यायच्या. मला मात्र एवढंच वाटायचं, की कुणी मला घटकाभर एकटीला बसू देईल का?"

मला जे समजवायला दोन-तीन भेटी लागल्या असत्या, ते आजींनी तिथेच सांगून टाकलं.

माझी विचारसरणी लपवत नाही. जॉन बोल्बी आणि मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञांनी मूल आणि आई यांच्यातल्या बंधाविषयी जे मांडलं, त्यावर माझं सारं काम उभं आहे. मूल आईला बिलगतं ते केवळ दुधासाठी नव्हे. भीती वाटली की परत यायला एक ठिकाण हवं असतं, आणि ते ठिकाण पक्कं असलं की मूल निर्धास्त दूर जाऊन खेळतं. एन्सवर्थ आईला थोडा वेळ खोलीबाहेर पाठवायच्या आणि ती परतल्यावर मूल काय करतं ते बारकाईने पाहायच्या. 1998 मध्ये बुडापेस्टच्या संशोधकांनी हीच पद्धत कुत्रा आणि मालक यांच्यावर वापरली आणि पुष्कळसं तसंच वागणं त्यांना दिसलं. 2001 मध्ये त्यांनी शेल्टरमधले प्रौढ कुत्रे घेतले. एका अनोळखी माणसाने फक्त तीन वेळा, दहा-दहा मिनिटं त्यांच्याबरोबर घालवली, आणि तेवढ्यावर त्या माणसाशी बंध जुळल्याच्या खुणा दिसू लागल्या. कुत्रं घरी आणणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते, कारण 'मोठं कुत्रं आता कुणाचं होणार' हा समज आपल्याकडे फार घट्ट आहे. जुळण्याची ओढ त्या जनावरात शाबूत असते. ज्याच्याजवळ भीती वाढत नाही, तिकडे ते आधी वळतं, एवढंच. जिरूने आजींना निवडलं होतं, म्हणजे घर स्वीकारायला तिने सुरुवात केली होती. सुनेला ते नाकारणं वाटत होतं.

मी त्यांना सांगितलं, आठ दिवस तिला हाक मारायची नाही, हात लावायचा नाही. संध्याकाळी सोफ्याकडे पाठ करून जमिनीवर बसायचं आणि काहीतरी वाचायचं. जेवण ठरल्या वेळी ठेवायचं आणि निघून जायचं.

त्यांना हे जमेना. पाठ करून बसल्या की अर्ध्या मिनिटात मान वळायची. पुढच्या भेटीत मी विचारलं, "ताई, ती तुमच्याजवळ आली असं समजा. त्याने तुमचं काय होईल?"

"बरं वाटेल."

"कशाबद्दल बरं वाटेल?"

बराच वेळ गेला. मग त्या म्हणाल्या, "तिच्या पिंजऱ्यात आणखी एक होता. काळा, म्हातारा. आम्ही हिला बाहेर काढलं तेव्हा तो जाळीशी येऊन उभा राहिला. भुंकला नाही, काही नाही. मला अजून झोपताना तोच दिसतो."

आणि त्या खूप रडल्या.

कितीतरी घरांच्या बेचैनीच्या मुळाशी मला हेच सापडलं आहे, आणि ते ओळखता येऊ लागलं ही माझ्या कामातली मोलाची गोष्ट मी मानते. शेल्टरमधून एक जीव घरी येतो तेव्हा मागे राहिलेले सगळे मनातून सोबत येतात. मग घरातल्या त्या एका जिवाने शेपूट हलवून सांगावं लागतं की तुम्ही चांगलं केलंत, तुम्ही चांगल्या आहात. सोफ्यामागे जाणारा तो हात माया द्यायला जात होताच, पण काही मागायलाही जात होता. घाबरलेल्या जनावराला नेमकं हे मागणंच जड जातं.

मी म्हणाले, "त्या काळ्याचं दुःख खरं आहे. ते जिरूकडे नेऊ नका. शेल्टरमध्येच घेऊन जा."

तेव्हापासून त्या दर रविवारी शेल्टरमध्ये जाऊ लागल्या. म्हाताऱ्या कुत्र्याला पट्ट्यावर घेऊन आवारात फिरवायच्या, त्याच्या अंगावरच्या गोचिडी काढायच्या. घरी आल्यावर त्यांना आपोआप पाठ करून बसता येऊ लागलं.

इंदूरची सकाळ कचरागाडीच्या गाण्याने उजाडते. 2017 पासून सलग कित्येक वर्षं स्वच्छतेत देशात पहिल्या आलेल्या आपल्या शहराला त्या गाडीचा अभिमान आहे, तो मलाही आहे. जिरू मात्र ते गाणं लांबून ऐकूनही थरथरायची. रस्त्यावरून उचलून गाडीत घातलेल्या जनावराला गाडीची धास्ती बसली तर नवल नाही. एका सकाळी आजी आंघोळीला गेलेल्या, सून ओला आणि सुका कचरा वेगळा करत ओट्याशी उभी. गाणं जवळ आलं. जिरू सोफ्यामागून निघाली, सरळ स्वयंपाकघरात गेली आणि त्यांच्या पायांमागे, अगदी पोटऱ्यांना टेकून उभी राहिली.

"मी काही केलं नाही मॅडम," त्यांनी मला सांगितलं. "हात खाली नेला नाही. कचरासुद्धा द्यायला गेले नाही. गाडी जाईपर्यंत तशीच उभी राहिले."

बंध म्हणतात तो हा. बोल्बींची पुस्तकं मी अनेकदा वाचली आहेत, पण घाबरल्यावर कुणाकडे जायचं हे त्या कुत्रीने ठरवलं आणि त्या बाईने तिला त्या क्षणी काहीच मागितलं नाही, हे ऐकताना मला जे कळलं ते वेगळंच होतं.

आता तुमच्या घरासाठी थोडं. शेल्टरमधली माणसं तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा ठोकताळा सांगतात: तीन दिवस भांबावलेपण, तीन आठवड्यांत घराची रीत कळणं, तीन महिन्यांत आपलेपणा. तो अंदाज म्हणून ठेवा, तारखा मोजू नका. पहिल्या आठवड्यात पाहुणे नकोत, आंघोळ नको, सोसायटीतल्या मुलांची रांग तर नकोच. एक कोपरा पूर्णपणे त्याचा असू द्या आणि तिथे कुणीही हात घालायचा नाही, हा नियम लहान मुलांनाही शिकवा. जवळ जायचंच असेल तर समोरून वाकू नका. बाजूला वळून बसा, हात खाली ठेवा, हुंगू द्या. डोक्यावरून हात फिरवणं आपल्याला प्रेमाचं वाटतं, नव्या कुत्र्याला मात्र वरून येणाऱ्या हाताची भीती वाटते.

गुरगुरण्यावरून त्याला कधीही मारू नका. गुरगुरून ते 'थांबा' असं सांगत असतं. ते सांगणं मार देऊन बंद केलं, तर पुढच्या वेळी न सांगता चावेल. आणि चावलंच, अगदी ओरखडा आला तरी, साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. कुत्र्याला लस दिली आहे म्हणून थांबायचं नाही.

सगळं काही मनाचं नसतं, हेही मी बजावते. दोन दिवस अन्नाला तोंड न लावणं, ताप, पिवळट किंवा पांढरट हिरड्या, सारखी सुस्ती असेल तर आधी जनावरांचा डॉक्टर. गोचिडीच्या तापातलं कुत्रंही कोपऱ्यातच बसतं. शेल्टरकडून लसीकरणाचं कार्ड मागून घ्या, रेबीजची पुढची तारीख त्यात बघा. दिवाळी तोंडावर असेल तर घरी आणणं सणानंतर ठेवा. रंगपंचमीच्या गेरीच्या, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीच्या, दिवसांतही तेच.

एवढं करूनही न जमणारी घरं असतात. रांगतं बाळ आहे आणि कुत्रं त्याच्यावर धावतं, घरातल्या म्हाताऱ्या माणसाची धास्ती जात नाही, घरमालक ऐकत नाही. अशा वेळी परत देणाऱ्यांना मी दोष देत नाही. मात्र कॉलनीच्या टोकाला नेऊन सोडणं नाही. पाळलेलं जनावर उपाशी-तहानेलं राहील असं वाऱ्यावर सोडणं हा प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या 1960 च्या कायद्याने गुन्हा आहे. ज्या शेल्टरमधून आणलं तिथेच, आधी फोन करून, स्वतः घेऊन जा. बरोबर एक कागद द्या: ते काय खातं, कशाला घाबरतं, कोणाजवळ बसायचं, रात्री कुठे झोपायचं, कोणत्या हाकेला कान टवकारायचं. त्याला पुढे नेणाऱ्या घराचे पहिले कित्येक दिवस या कागदाने सोपे होतील.