पगार खात्यावरचा एक कोटी आजारपणाला लागू नाही

प्रश्न: मी जिल्हा पोलीस दलात हवालदार आहे, वय ४१. भरती २००८ ची, म्हणजे जुनी पेन्शन नाही. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून साधारण ६० हजार होतात. एनपीएसमध्ये (पगारातून आणि शासनाकडून दरमहा भर पडणाऱ्या निवृत्ती योजनेत) १५ लाख जमले आहेत. घराचे २८ लाख कर्ज बाकी आहे, हप्ता २७ हजार, अजून १६ वर्षे. पत्नी गृहिणी, मुलगी ११ वर्षांची, मुलगा ७. आम्हा पोलिसांना संघटना नाही, संप नाही, तरी जुनी पेन्शन लागू होणारच असे सगळे म्हणतात. एक निवृत्त सहकारी आता विमा एजंट आहेत. ते म्हणतात, गॅरंटीड पेन्शन प्लॅन घ्या. वर्षाला १ लाख असे १० वर्षे भरायचे; ५८ व्या वर्षापासून तहहयात वर्षाला १ लाख २० हजार, आणि माझ्यानंतर भरलेले १० लाख घरच्यांना परत. फॉर्म भरून दिला आहे, चेक पुढच्या आठवड्यात द्यायचा आहे. प्लॅन घ्यावा की जुन्या पेन्शनची वाट पाहावी? टर्म इन्शुरन्स (ठरावीक मुदतीत मृत्यू झाला तरच रक्कम देणारा विमा) काढलेला नाही, कारण पगार खात्यावर बँकेचा १ कोटीचा विमा आहे.

उत्तर: चेक देऊ नका, आणि जुन्या पेन्शनच्या भरवशावरही राहू नका. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर एवढेच. पण जाता जाता लिहिलेले तुमचे शेवटचे वाक्य या दोन्हींपेक्षा गंभीर आहे, म्हणून सुरुवात तिथून करतो.

पगार खात्यावर बँक देते तो वैयक्तिक अपघात विमा असतो. अपघाती मृत्यू किंवा अपघातातून आलेले कायमचे अपंगत्व, एवढ्यासाठीच तो आहे. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, कर्करोग, कावीळ, डेंग्यू यांपैकी कशाने माणूस गेला तर त्या एका कोटीतला रुपयाही घरी येत नाही. बंदोबस्त, रात्रपाळ्या, अवेळी जेवण आणि अपुरी झोप अशी ज्याची नोकरी, त्याने आजारपणाचा धोका उघडा ठेवून फक्त अपघाताचा विमा जवळ बाळगणे मला मान्य नाही.

अपघाताच्या दाव्यालाही अटी असतात. प्रथम खबर किंवा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि मुदतीत दिलेली सूचना, हे सगळे लागते. वाहन चालवताना मद्यपान केलेले असेल तर दावा फेटाळला जातो. हा विमा तुमच्या नावावरची पॉलिसी नाही. तो बँक आणि पोलीस खाते यांच्यातल्या कराराचा भाग आहे. करार बदलला, पगार दुसऱ्या बँकेत गेला किंवा तुम्ही निवृत्त झालात की तो संपू शकतो. काही करारांत नैसर्गिक मृत्यूसाठीही गट विमा असतो, पण त्याची रक्कम एक कोटीच्या जवळपासही नसते. अधीक्षक कार्यालयाच्या लेखा शाखेतून कराराची प्रत मागून घ्या आणि पत्नीला वाचायला द्या.

आता उद्या तुमचा आजाराने मृत्यू झाला असे धरून हिशेब करू. ३१ मार्च २०२३ च्या शासन निर्णयाने एनपीएसमधल्या राज्य कर्मचाऱ्यांनाही कुटुंब निवृत्तिवेतन आणि उपदान (ग्रॅच्युइटी) लागू झाले. कुटुंब निवृत्तिवेतनाचा साधारण दर शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के आणि त्यावर महागाई वाढ. सुरुवातीची काही वर्षे दर जास्त असतो, पण टिकणारा आकडा हाच. तुमच्या ६० हजारांवर तो १८ हजार होतो आणि घराचा हप्ता २७ हजार आहे. म्हणजे किराणा आणायच्या आधीच दरमहा ९ हजार कमी पडतात.

त्यामुळे टर्म इन्शुरन्स याच महिन्यात काढा. २८ लाख कर्ज, दोन मुलांच्या शिक्षणाला २५ लाख, आणि घरखर्च व कुटुंब निवृत्तिवेतन यांतली तफावत भरायला ३० ते ३५ लाख. बेरीज ८३ ते ८८ लाखांवर जाते, म्हणून १ कोटी घ्या, वयाच्या ६० पर्यंत. निर्व्यसनी माणसाला हप्ता वर्षाला २० ते २५ हजारांच्या घरात बसेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही नाही. हप्ता परत देणारा प्रकार नको, त्यात तेच संरक्षण खूप महाग पडते. तंबाखू, रक्तदाब, साखर, जे असेल ते फॉर्ममध्ये खरे लिहा, मग हप्ता वाढला तरी चालेल. पॉलिसी तीन वर्षे चालली की विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार कंपनीला तिच्यावर आक्षेप घेता येत नाही. पहिल्या तीन वर्षांत लपवलेली गोष्ट सापडली तर दावा बुडतो. पॉलिसी घेतानाच १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घ्या आणि पत्नी व मुलांना लाभार्थी करा. मग त्या पैशावर कुठल्या सावकाराला किंवा बँकेला हात टाकता येत नाही. हे नंतर करता येत नाही, अर्जाच्या वेळीच सांगावे लागते.

आता एजंटच्या प्लॅनबद्दल. दहा वर्षे एकेक लाख, मग सात वर्षे नुसती वाट, मग वर्षाला १ लाख २० हजार. तुम्ही ८५ वर्षे जगलात आणि मग १० लाख परत आले असे धरूनही परतावा वर्षाला साडेपाच टक्क्यांच्या आसपास बसतो. पीपीएफ आज ७.१ टक्के देते, तेही करमुक्त. ‘दरमहा १० हजार’ ऐकायला बरे वाटते, पण ६ टक्के महागाई धरली तर १७ वर्षांनंतरच्या त्या १० हजारांची आजची किंमत ३,७०० रुपये आहे, आणि ते पुढे कधी वाढणार नाहीत. ज्याच्या घरात आयुर्विमा नाही त्याला आधी पेन्शन प्लॅन विकणे ही चुकीची विक्री आहे. विकणारा जुना सहकारी असल्याने ती बरोबर ठरत नाही. त्यांना उद्याच फोन करून अर्ज रद्द करा. कुठल्या कारणाने पैसे गेलेच, तर पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत लेखी अर्ज देऊन ती परत करता येते. किरकोळ कपात होऊन रक्कम मिळते.

जुनी पेन्शन ‘येणारच’ याला मला आधार दिसत नाही. पोलिसांचा संघटनेचा हक्क राज्यघटनेच्या कलम ३३ च्या आधारे मर्यादित केलेला आहे, आणि १९६६ च्या पोलीस दल (हक्कांवर निर्बंध) कायद्याने परवानगीशिवाय कामगार संघटनेत जाणे हा गुन्हा आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, २ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. महाराष्ट्रात पोलीस कर्मचाऱ्यांची संघटना होती, पण ऑगस्ट १९८२ मधल्या मुंबईतल्या उठावाच्या सुमारास तिची मान्यता गेली. त्यामुळे तुम्हाला जे मिळते ते इतरांच्या वाटाघाटीतून मिळते. मार्च २०२३ च्या राज्य कर्मचाऱ्यांच्या संपात तुम्ही नव्हता, पण त्या महिन्याच्या अखेरीस निघालेल्या शासन निर्णयाचा लाभ तुमच्या कुटुंबालाही आहे. हा निर्बंध न्याय्य नाही असे माझे स्पष्ट मत आहे, पण घरचा हिशेब आज जे आहे त्यावरच मांडावा लागतो.

२ फेब्रुवारी २०२४ च्या निर्णयाने जुन्या पेन्शनचे दार थोडे उघडले, पण ज्यांच्या भरतीची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची होती त्यांच्यापुरतेच. तुमची जाहिरात नंतरची. मात्र त्याच वर्षी राज्याने एनपीएसवाल्यांसाठी शेवटच्या वेतनाच्या ५० टक्के पेन्शन आणि त्यावर महागाई वाढ असा पर्याय मान्य केला. पत्रात त्याचा उल्लेखही नाही, याचे मला वाईट वाटले.

सध्याचे एनपीएस आणि हा पर्याय यांची तुलना करू. एनपीएसमध्ये तुमचे १० टक्के म्हणजे ६,०००, शासनाचे १४ टक्के म्हणजे ८,४००. महिन्याला १४,४०० जमा. पगार वर्षाला ६ टक्क्यांनी वाढला आणि परतावा ९ टक्के मिळाला, तर ५८ व्या वर्षी १ कोटी ७० लाखांच्या आसपास जमतील. आजच्या किमतीत ६३ लाख. त्यातल्या किमान ४० टक्क्यांची ॲन्युइटी (एकरकमी पैसे घेऊन ठरलेली पेन्शन देणारी विमा योजना) घ्यावी लागते. ६ टक्क्यांनी दरमहा ३४ हजार. उरलेल्या १ कोटी २ लाखांवर ६ टक्क्यांनी ५१ हजार. एकूण ८५ हजार, पण गोठलेले. दुसऱ्या पर्यायात तेव्हाचे वेतन १ लाख ६० हजार धरले तर पेन्शन ८० हजार, आणि ती महागाईबरोबर वाढत राहते. ३४ वर्षांच्या सेवेसाठी मी दुसराच पर्याय घेईन. मात्र जमा रकमेवरचा हक्क त्यात बदलतो. पूर्ण पेन्शनही मिळेल आणि साठलेले पैसेही पूर्ण मिळतील, असे कोणी सांगत असेल तर ते मुळीच धरू नका. शासन निर्णयातली ती अट स्वतः वाचून मगच सही करा.

सवलत जाहीर झाली की विकल्प भरून द्यावा लागतो. इतर खात्यांत संघटनेचा कार्यकर्ता तो फॉर्म टेबलापर्यंत आणून देतो. तुमच्या पोलीस ठाण्यात ते कोणी करणार नाही. म्हणून एक साप्ताहिक सुट्टी यासाठी द्या. आस्थापना शाखेत जाऊन २०२३ च्या आणि २०२४ च्या निर्णयांचे तुमचे विकल्प सेवापुस्तकात लागले आहेत का ते पाहा. नसतील तर आज काय करता येते ते विचारा आणि अर्जावर आवक क्रमांक घ्या. मग प्रान खात्याचे (एनपीएसमधल्या तुमच्या कायम क्रमांकाच्या खात्याचे) विवरण काढा. नोकरीची पहिली सुमारे सात वर्षे डीसीपीएसची (एनपीएसच्या आधीच्या राज्याच्या अंशदान योजनेची) होती; ती रक्कम, शासनाचा हिस्सा आणि व्याजासह एनपीएसमध्ये वर्ग झाली का हे महिन्यागणिक सेवार्थ या शासनाच्या पगार प्रणालीतल्या पगारपत्रकाशी ताडून पाहा. एखादा महिना गायब असेल तर आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडे (कार्यालयाचे पगार काढणाऱ्या अधिकाऱ्याकडे) लेखी द्या, कारण कोषागाराकडे दुरुस्ती तिथूनच जाते. भरतीच्या वेळी अविवाहित असाल आणि नामनिर्देशन आई-वडिलांच्या नावे असेल, तर लग्नानंतर ते नव्याने करावेच लागते, जुने ग्राह्य धरत नाहीत.

एजंटसाठी महिन्याला सव्वाआठ हजार काढणार होतात. त्यातले २ हजार टर्मच्या हप्त्याला बाजूला ठेवा. उरलेले सहा हजार आधी बचत खात्यात साठवा, दीड लाख होईपर्यंत. त्यानंतर ते पीपीएफ आणि एका इंडेक्स फंडाच्या (शेअर बाजाराच्या निर्देशांकामागे चालणाऱ्या फंडाच्या) दरमहा गुंतवणुकीत, म्हणजे एसआयपीत, अर्धे अर्धे जाऊ द्या.