कॅमेरा क्लबात माणसं टिकतात ती टेबलावरच्या प्रिंटमुळे

तुम्ही विचारलंय की परभणीत हौशी फोटोग्राफरांचा क्लब सुरू केला, पहिल्या बैठकीला चौदा जण आले, तिसऱ्या महिन्यात चारच उरले. आता पाहुणे वक्ते बोलवावेत की स्पर्धा ठेवावी?

आत्ता दोन्ही नकोत. व्याख्यानं यूट्यूबवर घरबसल्या मिळतात. स्पर्धा लवकर ठेवली की त्याच दोघा-तिघांना बक्षिसं जातात आणि बाकीचे फोटो आणायचेच बंद होतात. घरी मिळत नाही अशी एकच गोष्ट क्लबाकडे असते: आपला फोटो चार माणसांनी पाच मिनिटं नीट बघणं. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘जबरदस्त’ आणि अंगठे मिळतात, पण फांदी माणसाच्या डोक्यातून उगवल्यासारखी दिसतेय हे तिथं कुणी सांगत नाही.

म्हणून प्रत्येकाने बैठकीला 8×12 इंचाची एक प्रिंट आणायची, एवढाच नियम ठेवा. 300 डीपीआयला (म्हणजे इंचाला 300 ठिपके) 2400×3600 पिक्सेल लागतात, म्हणजे 12 मेगापिक्सेलचा मोबाइलही पुरतो. मात्र मोबाइलचा फोटो बहुधा 4:3 असतो आणि ही प्रिंट 3:2. तसाच दिला तर लॅबमध्ये कडा कापल्या जातात, कुणाचे पाय जातात, कुणाचा फेटा. आधी स्वतः क्रॉप करा. फाइल एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीतली जेपेग द्या; अ‍ॅडोब आरजीबी ही दुसरी रंगपद्धत दिली तर रंग मरगळलेले येण्याची शक्यता असते. आणि लॅबवाल्याला ‘ऑटो करेक्शन करू नका’ असं स्पष्ट सांगा.

पहिल्या प्रिंटा काळपट आल्या तर घाबरू नका. पूर्ण ब्राइटनेसच्या स्क्रीनवर एडिट केलं की फोटो आहे त्यापेक्षा उजळ वाटतो. ब्राइटनेस निम्म्यावर आणा आणि डोळ्यांपेक्षा हिस्टोग्रामवर, म्हणजे फोटोतला उजेड-अंधार दाखवणाऱ्या आलेखावर, विश्वास ठेवा. प्रोजेक्टरचा मोह टाळा. भाड्याच्या हॉलमधला प्रोजेक्टर सावल्या गिळतो आणि बोलणी फोटो काढणाऱ्याला खावी लागतात. टेबलावर 4000 केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा वाढला की उजेड निळसर), सीआरआय म्हणजे रंग खरे दाखवण्याचा गुणांक 90 च्या वर असलेला एलईडी दिवा लावा. नेहमीच्या 6500 केल्विनच्या ट्यूबखाली माणसांचे चेहरे निळसर दिसतात.

बघण्याची पद्धत ठरवून घ्या, नाहीतर गप्पा होतात. पहिलं मिनिट कुणीही बोलायचं नाही. मग दोघांनी सांगायचं: नजर आधी कुठे गेली आणि कुठे अडली. ‘छान आहे’ हे उत्तर धरायचं नाही. ज्याचा फोटो आहे त्याने शेवटपर्यंत गप्प बसायचं, कारण ‘पहाटे चारला उठलो होतो’ असं एकदा ऐकलं की लोक फोटो सोडून मेहनतीला दाद देतात.

सोबत काळ्या पुठ्ठ्याचे एल आकाराचे दोन तुकडे ठेवा, 3 इंच रुंद, एक बाजू 10 इंच, दुसरी 14. ते प्रिंटवर सरकवले की चौकट लहान-मोठी होते. आठवडी बाजारातला फोटो घ्या. उजव्या कडेचा पांढरा सदरा पुठ्ठ्याने झाकला की नजर थेट मिरच्या तोलणाऱ्या आजीच्या हातावर येते. हे टेबलाभोवतीच्या सगळ्यांना एकदम दिसतं, समजवावं लागत नाही. पुढच्या महिन्यात माणूस परत येतो तो यासाठी.

सहल महिन्यातून एकच, आणि ज्याच्याकडे कॅमेऱ्यासोबत येणारी 18-55 मिलिमीटरची साधी लेन्स किंवा नुसता मोबाइल आहे त्यालाही काम मिळेल अशा जागी. जायकवाडीचे पक्षी सुंदर आहेत, पण लांबचं जवळ आणणाऱ्या 400 मिलिमीटरच्या लेन्सशिवाय गेलेला माणूस दिवसभर दुसऱ्याच्या स्क्रीनमध्ये डोकावत बसतो. वेरूळ जरूर करा, पण मंगळवारी लेणी बंद असतात, ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, आणि तिथलं कैलास लेणं पश्चिमाभिमुख असल्याने दर्शनी बाजूवर ऊन दुपारनंतर येतं.

तुमच्यासाठी सर्वांत सोयीची जागा सेलू तालुक्यातल्या वालूरची चक्राकार बारव. ऊन आत शिरण्याआधी पोहोचा. अर्ध्या पायऱ्या उन्हात आणि अर्ध्या सावलीत आल्या की एका एक्स्पोजरमध्ये दोन्ही बसत नाहीत. वरचा दगड पांढराफटक होतो, तळ काळा. सगळीकडे सावली असताना 18 मिलिमीटर, एफ 8 (लेन्सच्या छिद्राचं माप), आयएसओ 400 (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) पासून सुरुवात करा आणि आभाळ चौकटीबाहेर ठेवा. उशीर झालाच तर −2, 0, +2 अशी काळपट, मधलं आणि उजळ तीन एक्स्पोजर घ्या आणि नंतर एडिट करताना एकत्र करा. पट्टा गळ्यात हवा; शेवाळलेल्या पायरीवर व्ह्यूफाइंडरला डोळा लावून चालू नका. गावकऱ्यांना आधी सांगून उतरा. एकाच बारवेच्या दहा जणांच्या दहा निराळ्या प्रिंटा पुढच्या बैठकीत टेबलावर मांडल्या की प्रत्येकाला कळतं, आपण कुठे उभं राहायला हवं होतं.

दिवस पक्का ठेवा, उदाहरणार्थ दुसरा रविवार. सगळ्यांची सोय बघून दर वेळी बदललात तर दोन महिन्यांत विस्कटेल.

चारच जण उरलेत म्हणून थांबू नका. चार प्रिंटा वीस मिनिटांत होतात. उरलेल्या वेळात सगळ्यांचे कॅमेरे तपासा, आपल्याकडे उन्हाळ्यात धूळ फार. एफ 16 ला, फोकस बिघडवून, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. दिसतील ते काळसर ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ. लेन्स काढून, सेन्सर उघडा ठेवणारा क्लीनिंग मोड लावून कॅमेऱ्याचं तोंड खाली धरा आणि रबरी ब्लोअरने हवा मारा, टोक आत न घालता. तोंडाने कुणालाही फुंकू देऊ नका; थुंकीचा बारीक थेंब वाळला की ब्लोअरने निघत नाही.